धुतलेली बाटली

लॅबची बाटली घरात आली तेव्हा सुनेला ती मुळीच स्वच्छ वाटली नाही. सासऱ्यांना ताप होता, डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली होती आणि नवऱ्याने बाटली आणली ती खिशात घाणेरड्या रुमालासोबत कोंबून. अशी बाटली परक्यांच्या हाती द्यायची म्हणजे घराची शोभाच. तिने झाकण उघडून ती फिनेलने घासली आणि मोरीच्या कट्ट्यावर निथळत ठेवली. सकाळी सासऱ्यांनी ती भरून दिली.

अहवाल आला, जंतू आढळले नाहीत.

"बघा," ती सासूला म्हणाली, "आपल्या घरात जंतू टिकतील तरी कसे?"

डॉक्टरांनी अहवालावर विश्वास ठेवला. "मग हा साधा व्हायरल ताप. जंतूंवरच्या गोळ्यांचा त्याला उपयोग नाही," म्हणून त्यांनी चालू गोळ्या बंद केल्या. साधा ताप मात्र उतरेना. सासरे कुडकुडू लागले, मग बरळू लागले आणि सुनेला 'आई' म्हणून हाका मारायला लागल्यावर त्यांना हॉस्पिटलात हलवलं.

"जंतू लघवीतून रक्तात गेलेत," तिथली डॉक्टरीण म्हणाली.

"पण रिपोर्ट तर चांगला होता," नवरा म्हणाला. "त्या लॅबवाल्याची नोकरीच घालवतो." तो बाह्या सरसावून निघालासुद्धा.

सुनेला गप्प बसता आलं असतं. पण एका निरपराध माणसाच्या पोटावर पाय येत होता.

"थांबा," ती म्हणाली. "बाटली मी फिनेलनं धुतली होती."

डॉक्टरीण तिच्याकडे वळली. "बाई, ती निर्जंतुक करूनच देतात. आम्हाला जंतू जिवंत हवा असतो. तो वाढवायचा आणि त्याच्यावर एकेक औषध घालून बघायचं. मेलेल्याला काय विचारणार, कशानं मरशील म्हणून? तो फिनेलनं मरतो एवढं कळलं, पण फिनेल काही शिरेतून देता येत नाही."

रक्त तपासायला गेलं. नवरा बायकोशी बोलेनासा झाला. दोन दिवसांनी डॉक्टरीण म्हणाली, "आपली नेहमीची औषधं जंतूला त्याची भिंत बांधू देत नाहीत, मग तो फुटतो. हा पठ्ठ्या औषधालाच फोडतो. एकच इंजेक्शन चालतंय."

त्या इंजेक्शनने ताप उतरला. जीव वाचला, मूत्रपिंडं मात्र गेली. यापुढे आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं, जन्मभर. सून वॉर्डाबाहेरच्या बाकावर ढसाढसा रडली. तिला स्वतःचीच घृणा वाटत होती.

सासू शेजारी येऊन बसली. 

"त्या रात्री मी ती बाटली मोरीवर बघितली," ती म्हणाली. "तुझं धुणं मला कधी पटलंय का? मी परत धुतली. संडासच्या ॲसिडनं."

सुनेचे हुंदके जागच्या जागी थांबले. "मग त्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर बोलला का नाहीत?"

"तू सांगितलंस ना," सासू म्हणाली. "म्हटलं, एका घरातून एकीनं सांगितलं की पुरे."