दहा मिनिटे पुढे

"आमचं सगळं जहाजातर्फेच आहे," साडूंनी जहाजावरच्या न्याहारीच्या टेबलावर जाहीर केलं. त्यांच्या छातीवर सात नंबरच्या बसचा पिवळा स्टिकर होता आणि छाती त्या स्टिकरच्या मानाने जरा जास्तच पुढे आलेली होती. "गार बस, गाईड, पाण्याची बाटली. चढायचं, बघायचं, उतरायचं. डोक्याला ताप नाही."

"तळ्यावर किती वेळ देणारेत?" नियंत्रकांनी विचारलं.

"वीस मिनिटं. फोटोसकट."

नियंत्रकांनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढला, टेबलावर उलगडला आणि त्यावर मिठाची बाटली ठेवली. नियंत्रक म्हणजे बस आगारात चौतीस वर्षं वेळापत्रकं बनवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना कुणी 'कसे आहात' विचारलं तर 'वेळेवर' असं उत्तर येई. कागदावर लिहिलं होतं: बंदर स्टेशन आठ चाळीस, जंक्शन दहा. बस दहा दहा, तळं दहा पंचावन्न. परतीची बस दीड, जंक्शन सव्वादोन, गाडी दोन पंचवीस, बंदर पावणेचार. खाली दोन रेघा मारून 'राखीव: पंचेचाळीस मिनिटं', कारण साडेचारला जहाजाची शिडी उचलणार होते.

"म्हणजे तुम्ही ट्रेनने आणि एस्टीसारख्या बसने जाणार?" साडूंचा चमचा हवेतच राहिला. "अहो साडूभाऊ, जहाजाची बस चुकली तर जहाज थांबतं. स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर छापलंय."

"वाचलंय."

"तुमचे कपडे जहाजावर, ताईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या जहाजावर, आणि पुढचं बंदर दोन दिवसांवर! काही हरकत नाही, तुम्ही धक्क्यावर उभे असलात तर आम्ही वरून हात हलवू."

"अहो, काय बोलता!" साडूंच्या बायकोने नवऱ्याला दटावलं, पण तिलाही हसू आवरलं नाही. "भाऊजी, ताईला तरी आमच्याबरोबर पाठवा."

"नको गं," ताई म्हणाल्या. "वीस मिनिटांत माझ्या सँडलचे पट्टेसुद्धा सुटत नाहीत."

या ताई म्हणजे नियंत्रकांची बायको. शाळेत शिवण शिकवत होत्या, म्हणून घराबाहेर सगळे त्यांना बाईच म्हणत. या सबंध सफरीत बाईंना एकच गोष्ट हवी होती. शिवणयंत्राच्या वर त्यांनी वर्षभर एका कॅलेंडरचं पान टाचून ठेवलं होतं: डोंगरातलं तळं, लाकडी धक्का आणि त्यावर पाण्यात पाय सोडून बसलेली कुणी एक बाई. तिच्या जागी त्यांना बसायचं होतं.

ही मागणी वाटते तेवढी साधी नव्हती. छत्तीस वर्षांच्या संसारात या जोडप्याने प्रवास भरपूर केले, पण बाईंच्या नावावर जमा फार थोडं होतं. किल्ल्याला गेले तेव्हा दरवाजा पाहिला. धबधब्याला गेले तेव्हा आवाज ऐकला. कुठेही पोचलं की नियंत्रकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघे, "चला, परतीचं बघायला हवं." बाईंनी प्रेक्षणीय स्थळांपेक्षा प्रतीक्षालयं जास्त पाहिली होती आणि त्यातल्या कुठल्या बाकाचा पाय लंगडा आहे हेही त्या सांगू शकत.

त्यातच ते घड्याळ. नियंत्रकांचं मनगटी घड्याळ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून दहा मिनिटे पुढे असे. त्यांना वाटे, हे कुणाला ठाऊक नाही. बाईंना लग्नानंतर चौथ्याच दिवशी कळलं होतं. त्या कधी बोलल्या नाहीत. नवरा "निघायची वेळ झाली" म्हणाला की मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करायची, आणि तेवढ्यात कुकर उतरवायचा किंवा वेणी घालायची. संसार या वजाबाकीवर सुरळीत चालला होता.

आणि नेमकी आजच, पहाटे दाढी करताना, नियंत्रकांच्या मनाला काय वाटलं कोण जाणे. आरशात बघत त्यांनी घड्याळाची किल्ली ओढली आणि काटा दहा मिनिटे मागे घेतला. आज तिला पुरेपूर वेळ द्यायचा, आपल्या बाजूने एक मिनिटही मारायचं नाही. नोकरी लागल्यापासून प्रथमच त्यांच्या मनगटावर खरी वेळ होती. हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही. असल्या गोष्टी बायकोला सांगायच्या म्हणजे आधी मुळातलं कबूल करावं लागतं.

ट्रेन वेळेवर सुटली. जंक्शनला बसमध्ये चढण्याआधी नियंत्रकांनी सवयीने बसभोवती एक चक्कर मारली, चारही टायरांना बुटाचं टोक लावून पाहिलं आणि मागच्या फळीवरची अक्षरं वाचली: 'आगार: बंदर'.

"अहो, चढा ना! लोक बघतायत."

"बघू देत. मागचा डावा जरा बसलाय."

दहा पंचावन्नला तळं आलं. कॅलेंडरात होतं त्याहून मोठं आणि त्याहून निळं. बाईंनी सँडल काढले, धक्क्यावर बसल्या आणि पाय पाण्यात सोडले. दहा मिनिटं त्या पलीकडचे डोंगर बघत राहिल्या. नियंत्रक शेजारी उभे राहून बसथांब्याकडे बघत होते.

"बसा की."

"बसतो. परतीचं बघून..."

"कागदावर लिहिलंय ना? मग कागदाला बघू दे."

नियंत्रक बसले. मग त्यांनी बूट काढले, मोजे काढून नीट घडी घालून बुटात ठेवले आणि पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. डबा खाल्ला. बाराच्या सुमारास त्यांनी पाठ टेकली आणि साडेबाराला मनगटावरचं घड्याळ काढून बायकोच्या हातात दिलं.

"जरा डोळा लागतोय. एक वीसला उठव. थांबा पाच मिनिटांवर आहे."

बाईंनी चकित होऊन पाहिलं. हा माणूस घराबाहेर झोपलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. तो चक्क घोरू लागला, तेही एका संथ, नियमित लयीत.

घड्याळात एक वीस झाले. बाईंनी सवयीप्रमाणे दहा वजा केले. एक दहा! झोपू दे बिचाऱ्याला. आयुष्यात पहिल्यांदा झोपलाय. घड्याळात बरोबर दीड झाल्यावर त्यांनी नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. "अहो, उठा. एक वीस झाले."

नियंत्रकांनी घड्याळ पाहिलं आणि ताडकन उठले. "एक वीस? दीड वाजलाय!"

"अहो, पण तुमचं दहा मिनिटं पुढे असतं ना!"

"तुला कुणी सांगितलं?"

"छत्तीस वर्षं वजा करतेय मी!"

"अगं, मी आज बरोबर लावलं होतं! तुझ्यासाठी!"

त्याच वेळी वळणावरून हॉर्न ऐकू आला आणि दीडची बस झाडांमागे दिसेनाशी झाली. नियंत्रक एका पायात मोजा आणि हातात दुसरा अशा अवस्थेत उभे होते. कुणी कुणावर रागवायचं हेच दोघांना ठरवता येईना. त्याने तिच्यासाठी दहा मिनिटं वाचवली होती, तिने त्याच्यासाठी दहा मिनिटं वाचवली होती, आणि वीस मिनिटांच्या या बचतीत जहाज चाललं होतं.

थांब्यावरच्या फलकानुसार पुढची बस चारला होती. टॅक्सी नव्हती. चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, "टॅक्सी ना? आहे एक. लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर गेलीय. परवा येईल."

बाई बाकावर बसल्या. डोळे भरून आले होते. "गोळ्या घ्यायला हव्या होत्या पर्समध्ये. माझंच चुकलं. आता ते दोघं वरून हात हलवणार."

नियंत्रक फलक वाचत होते. साधा माणूस वेळापत्रकात गाड्या वाचतो, नियंत्रक गाड्यांच्या मधली जागा वाचत. "ही पलीकडच्या गावाहून दोनला येणारी," ते बोट ठेवून पुटपुटले, "इथे येते आणि नंतर कुठेच जात नाही. चारची गाडी वेगळी आहे, जंक्शनहून येते. मग ही दोनची रात्रीपर्यंत करते काय? इथे उभी करायला जागा नाही, धुवायला नळ नाही." ते थांबले. त्यांचे डोळे चमकले. "अगं, ती रिकामी आगारात जाते! ड्रायव्हरची पाळी बदलायला. आणि आगार आहे बंदरात!"

"फलकावर तर नाही."

"रिकामी फेरी फलकावर कुणी लावत नाही. मी चौतीस वर्षं नाही लावली."

दोनला गाडी आली. माणसं उतरली. नियंत्रकांनी सवयीने टायर पाहिले आणि ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहिले. "बंदर आगारात ना?"

ड्रायव्हरने वरून पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"आम्हा दोघांना घ्या. साडेचारला जहाज आहे."

"नाही जमणार, काका. रिकाम्या फेरीत प्रवासी घेता येत नाही. नियम आहे."

नियंत्रकांचा चेहरा पडला. तो नियम त्यांना पाठ होता. आपल्या आगारात त्यांनी तो स्वतःच्या सहीने भिंतीवर लावला होता, आणि एकदा त्याखाली सख्ख्या मेव्हण्याला गाडीतून उतरवलं होतं.

बाई मात्र दारातून आत डोकावत होत्या. "काय हो ही दशा!" त्या म्हणाल्या. "सहा सीटांचा नुसता कापूस बाहेर आलाय. लाज नाही वाटत?"

"काय करणार, मावशी. तीन महिने अर्ज देतोय. कारागीर पाठवत नाहीत. आज आगारात गेलो की साहेब पुन्हा मलाच ओरडणार."

बाईंनी पर्स उघडली. आत गोळ्या नव्हत्या, पण जाड सुई, मेणाचा दोरा, अंगुस्तान आणि कात्री होती, कारण गोळ्या विसरणं शक्य होतं आणि ही पुडी विसरणं शक्य नव्हतं. "रिकाम्या फेरीत प्रवासी चालत नाही," त्या म्हणाल्या. "कारागीर चालतो का?"

ड्रायव्हरने आधी सुईकडे आणि मग नियंत्रकांकडे पाहिलं. "आणि हे?"

"हे दोरा धरतात."

दोन दहाला गाडी सुटली. बाई पहिल्या फाटक्या सीटला भिडल्या. वळण आलं की सुई वर, वळण सरलं की टाका. नियंत्रक दोरा ओवून देत होते आणि मधूनमधून "मागचा डावा सांभाळा" म्हणत होते. थांबे नसल्यामुळे गाडी भराभर चालली होती. तासाभराने मात्र ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला.

समोर अरुंद पूल होता. पुलावर एक अवजड ट्रक आणि एक बस नाकाला नाक लावून उभ्या होत्या, आणि त्या बसमागे तशाच चकचकीत अकरा बसेस दाटीने लागल्या होत्या. मागे सरकायला कुणालाच जागा नव्हती.

"बारा गाड्या एकदम सोडल्या!" नियंत्रकांना खरोखर वेदना झाल्या. "अहो, पाच-पाच मिनिटांनी सोडायच्या असतात! कुठल्या गाढवाने केलं हे नियोजन?"

"जहाजवाल्यांचं आहे," ड्रायव्हर म्हणाला. "आपण खालून जाऊ. नदीतला जुना फरशीचा रस्ता आहे, आगाराच्याच गाड्यांना सोडतात."

गाडी हळूहळू त्या बारा बसेसच्या कडेने उतरणीकडे निघाली. सातव्या बसच्या खिडकीला नाक लावून पिवळ्या स्टिकरवाले साडू बसले होते. त्यांनी खाली पाहिलं. एका कळकट रिकाम्या बसमध्ये मेहुणी सीट शिवत होती आणि साडूभाऊ हातात दोरा धरून उभे होते. साडूंचं तोंड उघडं राहिलं.

नियंत्रकांनी दोरा दातात धरला आणि मनापासून हात हलवला.

तीन पंचावन्नला गाडी आगारात शिरली. सहाव्या सीटचा शेवटचा टाका फाटकातच पडला. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "मावशी, उद्या पण या." चार वाजून सहा मिनिटांनी दोघं जहाजाच्या शिडीवर होते. खलाशाने यादीत खूण केली आणि सांगितलं, "स्वतः गेलेल्यांपैकी तुम्हीच शेवटचे. आता फक्त आपल्याच बारा बसेस बाकी आहेत. त्यांच्यासाठी थांबावं लागणार."

जहाज पावणेसातपर्यंत थांबलं. बाईंनी गोळी घेतली, मग वरच्या डेकवर कॉफी घेतली.

"म्हणजे आपण तळ्यावर अजून दोन तास बसू शकलो असतो!"

"अगं, आपल्यासाठी नसतं थांबलं."

"थांबलं की! कुणासाठी का असेना."

साडेसहाला साडू शिडी चढून आले. स्टिकरचा एक कोपरा सुटून लोंबत होता. ते खुर्चीत बसले.

"तळं कसं वाटलं?" नियंत्रकांनी अदबीने विचारलं.

"गालिच्याच्या दुकानात दीड तास गेला. मग दागिन्यांच्या. तळं..." साडूंनी कॉफी स्वतःकडे ओढली. "तळं खिडकीतून दाखवलं. पूल मात्र अगदी नीट पाहिला."

"तीन तास पाहिला," त्यांची बायको म्हणाली. "ताई, परवाच्या बंदराला आम्ही तुमच्याबरोबर येतो. भाऊजी, नेता ना?"

साडूंनी हरकत घेतली नाही. ते खाली बघत स्टिकर सोलत होते.

नियंत्रकांनी नवा कागद काढला. "आठला शिडीपाशी. उशीर झाला तर थांबणार नाही," ते म्हणाले आणि लिहू लागले. बाईंनी वरून वाकून पाहिलं.

"दुपारी झोप लिहा. चाळीस मिनिटं."

"वेळापत्रकात झोप नसते."

"मग राखीवमध्ये लिहा."

त्यांनी निमूटपणे लिहिलं. मग बायको बहिणीकडे वळलेली पाहून त्यांनी टेबलाखाली घड्याळाची किल्ली ओढली, काटा दहा मिनिटे पुढे सरकवला आणि बाही खाली केली.

बाईंनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्यांनी बहिणीच्या कानाशी वाकून हळूच सांगितलं, "यांचे आठ म्हणजे सात पन्नास," आणि कॉफी संपवली.

नियंत्रकांनी घड्याळ पाहिलं. "चला, जेवणाची वेळ झाली."

"हो, चला," बाई म्हणाल्या, आणि आणखी दहा मिनिटं आरामात समुद्र बघत बसल्या.