डोहाचं खास दर्शन

एका जंगलात एक नदी होती आणि त्या नदीला पाच डोह होते. आता जंगलात नदी असणारच, त्यात काय मोठंसं, असं म्हणू नका बाळांनो. जंगलातले प्राणीही असंच म्हणायचे.

पाचांतला जांभूळडोह सगळ्यांत गोड पाण्याचा. काठाला जांभळी, तळाशी मासे आणि कडेला बेडकांची जुनी वस्ती. तिथेच एक खंड्या पक्षी राहायचा. हा खंड्या चित्रं काढायचा. चोच रंगात बुडवायची आणि झाडाच्या सालीवर चालवायची. जन्मभर मासे टिपल्यामुळे नेम पक्का, म्हणून चित्र कसं अगदी हुबेहूब यायचं.

नदीच्या वरच्या अंगाला मगररावांची कंपनी होती. ती जंगलाला पाणी पुरवायची. म्हणजे नदी पूर्वी जे आपणहून आणून द्यायची, तेच कंपनी अडवून, उपकार करून द्यायची. तर कंपनीने ठरवलं की एकेक डोह बंद करायचा आणि त्याचं पाणी आपल्या तळ्यात वळवायचं. पहिला नंबर लागला जांभूळडोहाचा.

खंड्याने डोह वाचवायला अर्ज केले. सिंहमहाराजांनी ते वाचून मगररावांकडे पाठवले. मगररावांच्या दारात तरस बसलेला असे. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं तो खंड्याला तीनदा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा तर साहेब त्याच्या मागेच ऊन खात पडले होते.

शेवटी खंड्याने जांभूळडोहाचं मोठं चित्र काढायला घेतलं. एका कोपऱ्यात त्याने वाळू काढली, वाळूत एक अंडं, आणि अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं एवढंसं मगरीचं पिल्लू. कारण मगररावांचा जन्म त्याच वाळूत झाला होता. सगळ्या जंगलाला ते ठाऊक होतं. मगरराव तेवढे विसरले होते. त्यांना आठवण करून दिली तर डोह वाचेल, असं खंड्याला वाटलं.

जंगलात लांडोरबाईंची एक कलागुहा होती. मोराशी संसार केल्यामुळे बाईंना रंगांची पारख होती आणि रंगवणाऱ्यांना गप्प कसं बसवायचं तेही माहीत होतं. बाईंना चित्र पसंत पडलं. पण गुहेची एक रीत होती. पहिली संध्याकाळ फक्त कॉर्पोरेट सभासदांची. बाकीच्या जंगलाने दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं.

मग आमच्या बेडकांना त्या संध्याकाळी यायला मिळणार नाही का, असं खंड्याने विचारलं. मिळेल की, बाई म्हणाल्या, दारात गायला त्यांनाच तर बोलावलं आहे.

संध्याकाळी सभासद जमले. लाकूड कंपनीचे हत्तीसाहेब आले, मध कंपनीचे अस्वलशेट आले. मोहाचं सरबत फिरलं. सगळे चित्राकडे पाठ करून उभे राहिले. चित्राकडे तोंड केलं तर इतर सभासदांकडे पाठ होते, आणि ते रीतीत बसत नाही. चित्रकाराने कोपऱ्यात बसावं आणि चित्राबद्दल अवाक्षर काढू नये, हीही एक रीत होती. खंड्या कोपऱ्यात तळमळत बसला होता.

मगरराव सगळ्यांत शेवटी आले. त्यांनीही पाठ केली. तासभर ते पाण्याच्या टंचाईवर बोलले. मग त्यांच्या जबड्यातून एक भजं निसटलं आणि चित्राखाली पडलं. ते उचलायला मगरराव वळले आणि वळले ते तिथेच थबकले.

"हे पिल्लू कुणाचं?" त्यांनी विचारलं.

खंड्याने रीत मोडली. "तुम्हीच ते, मगरराव. या वाळूत जन्मलात तुम्ही."

मगररावांच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडू लागलं. मगरीचे अश्रू खोटे असतात असं लोक म्हणतात. हे अगदी खरे होते, आणि तिथेच घोटाळा झाला.

"असा डोह जाता कामा नये," मगरराव म्हणाले. "मी तो जपणार. कायमचा."

त्यांनी चित्राशेजारी लाल टिकली लावली. टिकली म्हणजे चित्र विकलं गेलं. खंड्याचा आनंद गगनात मावेना. त्याने दारात जाऊन बेडकांना बातमी दिली आणि बेडकांनी ठरल्यापेक्षा दोन गाणी जास्त म्हटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगल चित्र बघायला आलं. भिंतीवर नुसती टिकली होती. चित्र मगररावांच्या कचेरीत गेलं होतं. दुपारपर्यंत जांभूळडोहाचं पाणीही वळवून झालं.

मगररावांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं हो. त्यांनी दरबारात सगळं समजावून सांगितलं. खरा डोह उन्हाळ्यात आटायचा, त्यात पाला पडायचा, बेडूक गढूळ करायचे. चित्रातलं पाणी बोटभरही खाली जाणार नाही. यापुढे चित्रात जपल्याशिवाय कंपनी एकही डोह बंद करणार नाही, असा शब्दही त्यांनी दिला. सिंहमहाराज इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे त्याचा कायदा करून टाकला.

बेडकांनी बोचकी बांधली आणि ते पुढच्या करंजडोहावर राहायला गेले. जाताना त्यांनी खंड्याकडे पाठ केली. खंड्याला वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठवड्याच्या आत मगररावांचा निरोप आला. उरलेल्या चारही डोहांची चित्रं काढायची, सुरुवात करंजडोहापासून. नाही म्हणायची सोय नव्हती. खंड्या नाही म्हणाला असता तर बगळा चोच धुऊन तयारच होता.

करंजडोहाचं म्हातारं कासव खंड्याकडे आलं. "खंडूदादा," ते म्हणालं, "तुमचं चित्र फार हुबेहूब येतं बघा. आमच्यावर एवढी कृपा करा, आमचा डोह वाईट काढा."

वाईट काढणं सोपं नसतं, बाळांनो. तीन दिवस खंड्याची चोच बरोबर जागीच पडत राहिली. चौथ्या दिवशी त्याने डोळे मिटले आणि डाव्या पायाने रंग फासला. म्हशीने भोपळ्यावर पाय द्यावा तसं काहीतरी झालं. खंड्याला त्याची मनापासून लाज वाटली.

पुन्हा सभासदांची संध्याकाळ झाली. या वेळी मात्र सगळे चित्राकडे तोंड करून उभे राहिले, कारण कुणालाच काही कळत नव्हतं आणि शेजाऱ्याला कळलं असेल अशी प्रत्येकाला भीती होती. हत्तीसाहेबांना त्यात आपली आई दिसली. अस्वलशेटना मंदी दिसली.

"हा करंजडोहच ना?" मगररावांनी हळूच विचारलं.

असं विचारणं अडाणीपणाचं असतं, असं लांडोरबाई हसत म्हणाल्या. मगररावांनी घाईघाईने टिकली लावली. पण कायद्याप्रमाणे दरबारच्या घुबडाला तपासणीला यावं लागलं. ते चित्र घेऊन नदीभर हिंडलं. कुठलाच डोह जुळेना. चित्रात कुठला डोह जपला तेच ठरेना, म्हणून एकही डोह बंद करता येईना.

खंड्याने उरलेले तिन्ही डोह तसेच डाव्या पायाने काढले. आज तो जंगलातला सर्वांत मोठा चित्रकार आहे. चारही डोह भरलेले आहेत. फक्त कधीकधी त्याला जांभूळडोहाची फार आठवण येते. मग तो मगररावांच्या कचेरीवर जातो. तिथे तरस त्याला सांगतो की ते चित्र फक्त सभासदांना बघता येतं.

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याचं चित्र हुबेहूब काढू नये. काढलंच तर मोठ्यांना दाखवू नये. आणि दाखवावंच लागलं, तर त्यांना ते कळणार नाही एवढी काळजी घ्यावी. नावही होतं आणि पाणीही राहतं.