लाल गाडी बघण्याचा कार्यक्रम

एका जंगलात आबाराव नावाचं सांबर राहत होतं. कुठलं जंगल, असं विचारू नका, मुलांनो. गाडी होती म्हणजे रस्ताही असणार, एवढं समजून घ्या आणि मुकाट ऐका.

आबारावांची शिंगं भव्य होती, पण गुडघे गेले होते. पलीकडच्या डोंगरावर वाघ होता. त्याने सांबरांचा कळप निम्मा करून टाकला होता. आबाराव आणि त्यांची बायको मथुराबाई कारवीच्या दाट रानात लपून राहत, म्हणून वाचले. पण पळायची वेळ आली तर? या धास्तीने आबारावांच्या घशाखाली गवत उतरत नसे.

अशात कळलं, की खोकडाकडे एक जुनी स्पोर्ट्स कार विकायला आहे.

त्या जंगलात कुठलीही मोठी वस्तू घेण्याआधी तिचा बघण्याचा कार्यक्रम होई. स्थळ बघतात ना, तसा. पाहुण्यांनी बसायचं, कांदेपोहे खायचे, घराण्याची चौकशी करायची आणि ‘पसंत आहे’ म्हणायचं. फार खोलात शिरणं असभ्य मानत.

गाडी लालभडक होती आणि जमिनीला टेकल्यासारखी ठेंगणी.

“एकाच हातातली आहे, आबाराव,” खोकड म्हणाला. “बिबट्याच्या घरातली. फक्त देवदर्शनाला बाहेर निघायची. आणि वर टप नाही, शिंगं ऐसपैस राहतील.”

आबाराव विरघळले. मथुराबाई मात्र गाडीखाली पसरलेल्या पळसाच्या पानांकडे बघत होत्या. त्यांनी खुराने एक पान ओढलं. ते काळंभोर झालं होतं. वाकून बघतात तो आणखी एक थेंब पडला.

“अहो, इंजिनातनं तेल गळतंय. इथनंही आणि मागनंही.”

खोकडाची मिशीसुद्धा हलली नाही. “गळतंय म्हणजे आत भरपूर आहे, वहिनी. रिकामा माठ कधी पाझरतो का?”

आबाराव ओशाळले. “अगं, बघायला आल्यावर असं खाली वाकतात का? पोहे खा.”

“मला काय, मी पळू शकते,” मथुराबाई म्हणाल्या. “तुमच्या काळजीनं बोलले.”

आबारावांनी तळ्याकाठचं कुरण खोकडाला देऊन टाकलं आणि गाडी त्याच्याकडूनच घरी पोचवून घेतली. वाटभर ती ठिबकत होती.

सकाळी वाघ दारात उभा! जे घर त्याच्या बापाला सापडलं नव्हतं, ते त्याला तेलाच्या थेंबांनी बिनचूक दाखवलं होतं.

आबाराव गाडीकडे धावले. पण गाडी ठेंगणी, गुडघे वाकेनात. एक पाय आत, तीन बाहेर, असे ते अडकले. वाघ जवळ आला. आबारावांनी डोळे मिटले.

“ही कुणाची?” वाघाने विचारलं. तो गाडीकडे बघत होता.

मथुराबाई पुढे आल्या.

“तुम्हाला दाखवायलाच ठेवलीय, भावोजी. बसा ना. पोहे टाकते.”

वाघाला जन्मात कुणी कार्यक्रमाला बोलावलं नव्हतं. तो चक्क मांडी घालून बसला. दोन घास खाऊन त्याने नाक फेंदारलं. “खाली काहीतरी गळतंय वाटतं.”

आबारावांनी अडकलेला पाय बाहेर काढला. “रिकामा माठ कधी पाझरतो का, राजे?”

“आणि बघायला आल्यावर खाली वाकत नाहीत, भावोजी,” मथुराबाई म्हणाल्या. “लिंबू पिळू का?”

भावोजी म्हणणाऱ्या घरात शिकार कशी करायची? वाघ गाडी घेऊन गेला.

त्या दिवसापासून वाघ यायच्या आधी इंजिनाची घरघर आणि तेलाचा वास येई. कळप आरामात चरत चरत निघून जाई. एक दिवस तेल संपलं आणि इंजिन उजाड माळावर जाम झालं. तोवर वाघाची चालायची सवय सुटली होती.

तो अजून तिथेच आहे. गाडीखाली पळसाची पानं पसरतो, पोहे करतो आणि वाट बघतो. वाघाघरी गाडी बघायला कोण जाणार?

तात्पर्य : गळकी वस्तू घरात आली, तर कपाळाला हात लावून बसू नये. आपल्याहून मोठं गिऱ्हाईक वाटेवर असतंच. पोहे तेवढे भिजवून ठेवावेत.