चपटरावांचा ठराव

बाळांनो, 'एका जंगलात' अशी सुरुवात करणार होतो. पण गोष्टीवाल्यांनी वापरून वापरून जंगलाचं पार टक्कल केलंय. तेव्हा आज समुद्रात चला. नाक दाबा.

तिथे एका खडकावर स्पंजोबा राहत. स्पंजच ते. मेंदू नाही, नसा नाहीत, तोंडसुद्धा नाही. अंगभर भोकं. त्यांतून पाणी गाळायचं आणि पोट भरायचं. जागचं हलता यायचं नाही.

शेजारी झुंबरबाई तरंगायच्या. त्या जेलीफिश. त्यांना नसा होत्या, तोंड होतं, मेंदू मात्र नव्हता. मग त्या बोलायच्या कशा, असं विचारू नका. मोठ्यांच्या गप्पा ऐका, कळेल.

तिसरे चपटराव, चपटा किडा. त्यांना चिमूटभर मेंदू होता. काय तो तोरा!

"जेवायचं आणि टाकायचं एकाच तोंडाने? शी!" ते झुंबरबाईंना म्हणत.

"अहो, तुमचंही एकच आहे की."

"मी विचारपूर्वक टाकतो."

चपटरावांनी खडकाची सभा स्थापली. मत फक्त डोकेवाल्याला. ते एकमताने अध्यक्ष झाले.

एक दिवस पिवळा मासा आला आणि त्याने स्पंजोबांचा लचका तोडला.

"मेलो! अरे, मला पळताही येत नाही रे!" स्पंजोबा कळवळले.

"चपटराव, काहीतरी करा!" झुंबरबाई ओरडल्या.

"करतो ना. माशाच्या निषेधाचा ठराव मांडतो. सूचक मी. अनुमोदक कोण?"

"मी!"

"डोकं आहे?"

"नाही हो."

"मग गप्प बसा. नियम म्हणजे नियम."

माशाने दुसरा लचका तोडला. तिसरा घास त्याने चपटरावांचाच घेतला. मधोमध दोन तुकडे केले, तोंड वाकडं केलं आणि थुंकून टाकले. मग तो पुन्हा स्पंजोबांकडे वळला.

तेवढ्यात झुंबरबाईंच्या लोंबत्या दोऱ्या त्याच्या थोबाडाला लागल्या. फटाफट डंख बसले. मासा जो पळाला, तो आजवर दिसला नाही.

"पोरी, जीव वाचवलास गं माझा!"

"मी कुठे काय केलं, आजोबा? आपोआप झालं."

आता गंमत ऐका. चपट्या किड्याचे तुकडे मरत नाहीत. पंधरवड्यात पुढच्या तुकड्याला शेपूट फुटलं, मागच्याला चक्क डोकं! दोन चपटराव झाले. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. सभा लगेच भरली.

पहिला ठराव: दोघांनी केलेल्या बलिदानाबद्दल दोघांचे आभार.

दुसरा ठराव: सभेची परवानगी न घेता डंख मारल्याबद्दल झुंबरबाईंना नोटीस.

झुंबरबाईंना त्यातलं ओ का ठो कळलं नाही. त्या मजेत डुलत राहिल्या. नोटीस स्पंजोबांनी पाण्याबरोबर गाळून खाल्ली. चव बरी होती म्हणे.

तात्पर्य: बाळांनो, भरपूर अभ्यास करा आणि डोकेवाले व्हा. जीव काय, बिनडोक शेजारीणही वाचवते. पण मग तिला नोटीस कोण काढणार?