गावपळणीला नेलेला फ्रीज

या वेळी सासूला गावपळणीला न्यायचं, एवढंच आमचं ठरलं होतं. त्यात टेम्पो, फ्रीज आणि सूर्यनारायण कसे शिरले ते सांगते.

गावपळण म्हणजे काय, हे बाहेरच्यांना आधी सांगावं लागतं. आमच्या आचऱ्याच्या बाजूला काही गावांत तीन-चार वर्षांनी देव कौल देतो आणि अख्खा गाव वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. माळावर झोपड्या उभ्या राहतात. तीन दिवस झाले की देवाला पुन्हा विचारायचं, येऊ का परत? हो म्हणाला तर घरी. नाही म्हणाला तर आणखी एक दिवस तिथेच. तोवर गावात पाय टाकायचा नाही, विसरलेली काडेपेटी आणायलासुद्धा नाही.

माझी सासू काशीबाई हिला साखरेचा आजार. रोज इंजेक्शन, ते ती स्वतःच टोचून घेते, आणि औषध थंडच राहिलं पाहिजे असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून मागच्या गावपळणीला तिला जामसंड्याला नणंदेकडे ठेवलं. लग्न होऊन आल्यापासून तिने एकही गावपळण चुकवली नव्हती. परत आणली तेव्हा ती माझ्याशी बोलेना. त्याचं मला काही नव्हतं (तेवढाच आराम), पण ती स्वतःच्या लेकाशीही बोलेना.

ते आमच्या ह्यांना लागलं. हे म्हणजे गुणाजी. (लिहायला हरकत नाही, तोंडाने मी नाव घेत नाही.) मासळी वाहायचा जुना टेम्पो दारात गंजत होता, त्याचंच घर करतो म्हणाले. आत आईला खाट, दिवा, पंखा आणि औषधाला फ्रीज. आणि माळावर वीज कुठली? तर टपावर सोलरची काच बसवून. गोव्यात कुणा फिरंग्याने आपली राहायची गाडी मोडीत काढली होती, तिच्यातला बॅटरीवर चालणारा फ्रीज ह्यांनी उचलून आणला. केवढा, तर माझ्या मासळीच्या पाटीत मावेल एवढा.

मग गणित सुरू झालं. जेवताना गणित, आंघोळीला पाणी तापेपर्यंत गणित. फ्रीज किती खाणार, दिवा किती खाणार, पंखा किती खाणार. मी म्हटलं, ह्या घरात खाणारी तोंडं कमी नव्हती, पण त्यांचं असं गणित कुणी मांडलं नाही. पंखा फार खातो म्हणून पंख्याला हाकललं. टेम्पो सुरू करायची बॅटरी वेगळी ठेवली, घरची वेगळी. फ्रीजने घरची संपवली तरी गाडी अडायला नको. ढग आले तर, म्हणून एका दिवसाची वीज जास्त धरली. मग डोकं खाजवून आणखी एका दिवसाची धरली.

"ही कित्याक?" मी विचारलं.

"देवान कौल नाय दिल्यान तर?"

हा हिशेब मात्र मला पटला. (असं क्वचित होतं.)

माळावर गेलो तर सगळा गाव काजूच्या सावलीत, आणि आमचा टेम्पो भर उन्हात. मी तोंड सोडलं, म्हातारीला भाजायला आणलीत काय? तेव्हा कुठे ह्यांनी समजावलं की काचेला ऊन हवं, तिच्यावर सावली पडता नये. मी म्हटलं, सावली पाडायला मी काय झाड आहे? शेवटी टेम्पोला बाजूने माडाच्या झापांचा मांडव घातला, म्हातारी गारव्यात बसली, आणि आमचं जमलं.

पहिला दिवस तर थाटाचा. फ्रीजवर बारका हिरवा दिवा, आतून घरघर. सासू खाटेवर सरपंचासारखी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटी दाखवत होती. माझं आपलं दुसरंच चाललेलं. निघताना ताजी सुंगटं, म्हणजे कोलंबी, स्वस्तात मिळाली म्हणून पाटीभर घेतलेली. ती सुकवायची, तर जमिनीवर अख्ख्या गावाच्या कोंबड्या-कुत्री. जागा शोधावी लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरघर थांबली. मी पेटीला कान लावला. हिरवा दिवाही गेलेला. ह्यांना हाक मारली. त्यांनी बॅटरी उघडली, वायरी ओढल्या, पुन्हा जोडल्या, घामाने निथळले. घरची बॅटरी पार रिकामी. वरून वीज आलेलीच नाही म्हणाले, का ते कळत नाही.

मी घाबरले. मी घाबरले की आवाज चढतो. झोपड्या-झोपड्यांतून माणसं बाहेर आली.

"आवशीक काय झाला तर तुमचा गणित तिका टोचशात? म्हणून मी म्हणा होतंय, जामसंड्याक ठेवया. फिरंग्याची पेटी हाडल्यात, फिरंगी शहाणो म्हणान ती टाकून गेलो."

ह्यांनी बॅटरीचं झाकण लावलं. टेम्पोची किल्ली घेतली.

"मालवणाक जातंय. नवीन औषध हाडतंय."

"कोणाक औषध?" सासूने खाटेवरून विचारलं.

"तुका, आये. फ्रीजातला बिघाडला."

"फ्रीजात खंय होता? ता माझ्या मडक्याखाली आसा."

पाण्याच्या मडक्याखालची ओली वाळू तिने बोटाने उकरली आणि कागदात नीट गुंडाळलेली बाटली काढली. मी गालाला लावली. विहिरीच्या पाण्यासारखी गार. परत वाळूत पुरून ठेवली.

"घरात लाईट जाता तेव्हा खंय ठेवतंय? थंयच. दवाखान्यातल्या बायनच शिकवल्यान."

"मग मागच्या वेळी सांगूक नाय?" ह्यांनी विचारलं.

"माका कोणी इचारल्यानी?"

ह्यांनी फ्रीज उघडला. आत सासूची खायची पानं, ओल्या फडक्यात बांधलेली. (औषधाला जागा होती, पण पानं दडपतील म्हणाली.)

एवढं ऐकून मला पुन्हा जोर आला. म्हटलं, औषध वाचलं ते आईच्या अकलेने, आता ह्या पेटीचं काय करायचं ते सगळ्यांसमोर ठरवा. तेवढ्यात शेजारच्या झोपडीतून आनंदीबाई कपाळावर हात धरून टपाकडे बघत म्हणाली, "गो चंद्रावती, तुझी सुंगटां कावळो नेता बघ."

हे टपावर चढले. मी चढले नाही, मला ठाऊक होतं वर काय आहे ते. हे रोज ओहोळावर आंघोळीला गेले की मीच ती पसरत होते आणि तिन्हीसांजेला गोळा करत होते. काच सपाट, स्वच्छ, तव्यासारखी तापलेली. कोंबडी नाही, कुत्रं नाही. मी एक कोपरासुद्धा मोकळा सोडला नव्हता.

अख्खा माळ माझ्याकडे बघत होता.

"बोला काय ता," मी खालून म्हटलं.

ह्यांनी एक सुंगट उचललं, मोडून बघितलं.

"सुकली मात्र बरी."

काच पुसली आणि उन्हं कलायच्या आत हिरवा दिवा परत आला. सकाळी देवाने कौल दिला नाही, एक दिवस जास्त राहावं लागलं. सासू एवढी खूश, की देवाला तिनेच कानात सांगितलं असणार. काच मोकळी होती, म्हणून तो जास्तीचा दिवसही फ्रीज चालला, पानं शेवटपर्यंत ताजी.

आता गावात ह्यांचा मान वाढलाय. पुढच्या गावपळणीला तसलीच गाडी करून द्या म्हणून माणसं येतात. परवा आनंदीबाई आली. माझी मान ताठ झाली. ह्यांनी तिला विचारलं, किती दिवे, फ्रीज केवढा?

"दिवो-फ्रीज ऱ्हवांदे," ती म्हणाली. "एक पाटी सुंगटांक काच केवढी लागता ता सांग."

हे गंभीरपणे माझ्याकडे वळले.

"ता गणित हिका इचार."