क्रीम जरा जास्त झालं

मुलांच्या स्पर्धेसाठी भाड्याचे कपडे आणणारे बाप पाहिले की मला त्यांची कीव येते. अहो, पुठ्ठा आहे, कात्री आहे, दोन धडधाकट हात आहेत, आणखी काय लागतं? मी तर दिवसभर ऑफिसात बसून इमारतींचे नकाशे काढतो. अख्खी इमारत कागदावर उभी करणाऱ्या माणसाला तीन थरांचा केक जड जाणार?

हे भाषण मी बायकोला ऐकवलं, कारण लेकीच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा होती आणि आमच्या भिंगरीने वर्गात जाहीर करून टाकलं होतं, "मी केक होणार!"

"दातांच्या डॉक्टरची मुलगी आणि केक?" बायको म्हणाली. ती डॉक्टर म्हणजे हीच. "माझे पेशंट काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईंना धंदा कळतो!"

"बरं बाबा. मग भाड्याने आणू. तयार मिळतो."

"भाड्याने? मी जिवंत असताना?"

काढायला आलेल्या दाढेकडे बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडला.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी ती भिंगरीला केस कापायला घेऊन गेली. केक जवळजवळ तयार होता. पुठ्ठ्याचे तीन गोल थर, गुलाबी रंग, वर मान काढायला भोक, बाजूंना हात काढायला खाचा. फक्त क्रीम बाकी होतं. कापूस चिकटवून पाहिला, तर केक नुकताच हॉस्पिटलमधून घरी सोडल्यासारखा दिसायला लागला!

तेवढ्यात कपाटावरचा डबा दिसला. खिडकी बसवल्यावर भोवतीची फट भरायला सुताराने आणलेला फोमचा फवारा! वरची कळ दाबली की पांढराशुभ्र फेस बाहेर येतो आणि सुकतो. मी पुठ्ठ्यावर एक वेटोळं काढून पाहिलं. अहाहा! असं क्रीम कुठल्या बेकरीवाल्याच्या बापाला जमलं नसतं!

पण आत माणूस असताना क्रीम कसं दिसेल? रिकाम्या घराचा रंग वेगळा वाटतो आणि माणसं राहायला आली की वेगळा. म्हणून मी केक स्वतःच्या अंगात चढवला. भिंगरीच्या मापात मी थोडी वाढ धरली होती. किती, तर मी पोट आत घेऊन मावलो!

मग आरशासमोर उभा राहून सुटलो. गळ्याशी झालर, खांद्यांवर वेटोळी, काखेत फट दिसली तिथे दोन झटके जास्त. इतक्यात टेबलावरचा फोन वाजला. बोटाने स्पीकर लावला.

"झालं का?" बायको.

"शेवटचा हात फिरवतोय! बघत राहशील!"

बोलता बोलता मला वाटलं, कुणीतरी आपल्याला हळूच मिठी मारतंय. घरात तर कुणीच नव्हतं!

आरशात पाहिलं. गळ्याची झालर हनुवटीवर आली होती. काखेतलं क्रीम आत शिरून फुगत होतं आणि माझे दोन्ही हात आपोआप वर जात होते. तेव्हा डब्यावरची बारीक अक्षरं वाचली, 'फवारल्यावर कित्येक पट फुगतो. झटपट कडक होतो.' कंपनी खोटं बोलत नव्हती. बघता बघता माझं बुजगावणं झालं. कात्री समोर टेबलावर, आणि हात दोन दिशांना! क्रीम मिशीपर्यंत चढलं आणि तोंड अर्धं बुजलं.

आता एकच आधार, समोरच्या रस्त्यापलीकडचा सुतार. पायाच्या अंगठ्याने दार ओढलं, खेकड्यासारखा आडवा जिना उतरलो आणि रस्ता ओलांडला.

सुताराच्या शेजारीच त्या दिवशी केकच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं, हे मला काय माहीत!

"आलात एकदाचे!" मालकीणबाई धावतच आल्या. "सकाळपासून वाट बघतेय!"

"अहो, मी केक नाही!"

"मग काय बटाटा आहात? चला, दारात उभे राहा. आणि हसा जरा!"

"मला सुताराकडे जायचंय!"

"संध्याकाळी जा!" असं म्हणून त्यांनी माझ्या पसरलेल्या बोटांत जाहिरातींचे कागद अडकवले.

गर्दी जमली. एका नवऱ्याने बायकोला माझ्याशेजारी उभं करून फोटो काढला. कडेवरच्या एका बाळाने मला चाटून पाहिलं आणि भोकाड पसरलं. एका आजोबांनी विचारलं, "अंड्याचा की बिनअंड्याचा?"

"बिनअंड्याचा," मी म्हणालो. उगाच खोटं कशाला बोला!

तेवढ्यात खरा, पगारी केक येऊन ठेपला. "ए, ही माझी जागा आहे!" तो ओरडला आणि त्याने मला पोटाने ढकललं. मीही ढकललं. हात कुणालाच वापरता येत नव्हते, त्यामुळे भांडण पोटापोटांतच चाललं. लोक टाळ्या वाजवायला लागले!

आणि त्या गर्दीतून माझी बायको पुढे आली. हातात भिंगरीचा हात.

"बघ भिंगरी," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "तो फुगीर केक बघ. काय झकास केलाय! असाच भाड्याने आणू म्हटलं होतं तुझ्या बाबाला."

त्या अवस्थेतही माझी छाती अभिमानाने फुगली. म्हणजे फुगली असती, आत जागा नव्हती!

"अगं, मी आहे!" मी ओरडलो. पण ढकलाढकलीत झालर ओठांना खेटली होती, बाहेर पडलं, "अं, ई आए!"

बायकोमधली डॉक्टर जागी झाली. "अहो, दाढ दुखतेय का तुमची? आ करा बघू."

मी आ केला.

"खालची उजवी..." ती वाकून बघायला लागली. "अय्या, ही कॅप तर मीच बसवलीय!" मग तिने सावकाश वर पाहिलं. "अरे... तू?"

सुतार आधी स्टुलावर बसून पोटभर हसला. मग त्याने करवत घेतली. "साहेब, श्वास आत घ्या."

"कुठे घेऊ?"

"थांबा!" भिंगरी किंचाळली. तिचे डोळे भरले होते. "माझा केक कापू नका ना! मी सगळ्यांना सांगितलंय!"

इतका वेळ मला माझीच काळजी होती. आता तिच्याकडे पाहिलं. पोरगी आठवडाभर आरशासमोर "मी आहे केक" म्हणत होती, आणि तिच्या केकमध्ये मी घुसून बसलो होतो!

"रडू नको गं," सुतार म्हणाला. "समोरची बाजू अख्खी काढून देतो तुला."

आणि दिली! पाठीमागच्या अर्ध्या भागाचा चुरा झाला, माझी अर्धी मिशी केकबरोबर गेली, पण पुढचा केक शाबूत राहिला. त्याला पट्टे ठोकून भिंगरीच्या गळ्यात अडकवला आणि आम्ही शाळेकडे धावलो.

रंगमंचावर ती समोरून अशी शोभली की सभागृहात "वा!" उठलं. मग नियमाप्रमाणे तिने गिरकी घेतली आणि मागे नुसता फ्रॉक दिसला.

"अगं, मागचा केक कुठे गेला?" बाईंनी माइकवर विचारलं.

"बाबा आत अडकले होते," भिंगरी ठणकावून म्हणाली, "म्हणून कापला!"

सभागृह हसून कोसळलं! लोकांना वाटलं, पाठ केलेला विनोद आहे. पहिलं बक्षीस भिंगरीला!

मुख्याध्यापिका बायकोला घेऊन रंगमंचावर आल्या. "या माउलीची मेहनत बघा! काय ते क्रीम!"

बायकोने एकदा माझ्या दिशेने पाहिलं आणि नम्रपणे मान झुकवली. "असू दे हो. मुलीसाठी एवढं करावंच लागतं."

मी शेवटून दुसऱ्या रांगेत, उरलेल्या मिशीवर रुमाल धरून बसलो होतो. ताडकन उठलो.

"ओ, खाली बसा!" मागून कुणीतरी माझा शर्ट ओढला. "त्या बाईंचा फोटो काढतोय ना!"

बसलो.