मंदारचा रिमोट आणि मागच्या एकतीस बंड्या

मंदारने गाडीला रिमोट स्वतः बसवला होता. ही गोष्ट माहीत नसलेली माणसं यवतमाळात फारशी उरली नव्हती. म्हणून त्या सकाळी दारव्ह्याच्या कापूस खरेदी केंद्रासमोरची बैलबंड्यांची रांग पाहून त्याला मनापासून बरं वाटलं. इतके नवे श्रोते, आणि कुणालाच कुठं जायचं नाही.

जाणार कुठं? रांग तीन दिवसांपासून हललीच नव्हती. २००६चा डिसेंबर. कापसाला भाव नाही, आणि आहे तेवढा मिळवायलाही मुक्काम. मंदारचे सासरे रामराव तीन दिवस बंडीवरच बसून होते. आज दहाला फाटक उघडणार होतं आणि त्यांचा नंबर दुसरा होता. फक्त सातबारा आणि पासबुक घरी राहिलं होतं. ते नसलं की बंडी आत घेत नाहीत, सरळ रांगेच्या शेपटाला पाठवतात. म्हणून जावई कागद आणि डबा घेऊन, धुक्यात दिवे लावून, सातलाच हजर झाला.

"लय तरास झाला तुमाले, जवाईबापू," रामराव म्हणाले. "आना कागद."

"गाडीतच राहू द्या, बाबा. धुक्यात ओले होतील. शिवाय हे बघा." मंदारने बटण दाबलं. दारं खटकन बंद झाली. "आता किल्ली घालून कुणी दार उघडलं तरी भोंगा वाजतो. पार बाजारापर्यंत. आणि तो बंद होतो फक्त ह्या रिमोटनं."

रामरावांनी मान हलवली. जावयाचं ऐकून घ्यायचं असतं.

वाचकांच्या सोयीसाठी त्या वेळची मांडणी अशी:

फाटक
भीमराजची बंडी
मंदारची गाडी ("दोन मिनिटं लावतो")
रामरावांची बंडी
मागे एकतीस बंड्या (सातला एका कडेला होत्या, गाडी पुढं आल्यावर रस्ताभर झाल्या)
दोन्ही बाजूंना ओली काळी माती, तीत उतरलेलं चाक उन्हाळ्यातच बाहेर येतं.

नंतर मंदार चहाच्या टपरीवर गेला आणि रिमोट कसा चालतो ते समजावण्यात तीन तास गेले. पावणेदहाला तो परत आला, तेव्हा रांगेत बैल जुंपणं चाललं होतं. त्याने रिमोट दाबला.

काही झालं नाही.

मंदार पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. दोष शोधताना घाबरू नये आणि पायऱ्या सोडू नयेत, असं तो दरवर्षी पहिल्या तासाला सांगे. तो घाबरला नाही.

तपासणी पहिली. जवळून दाबणे.

जवळून दाबला. लांबून दाबला. हनुवटीला लावून दाबला. रिमोटवरचा बारका लाल दिवा दर वेळी लुकलुकला.

"दिवा तं लागून राह्यला," पुढच्या बंडीवरून सुखीबाई म्हणाली. ती भीमराजची बायको. "मंग बिघडलं कुठं?"

"दिवा लागणं वेगळं आणि सिग्नल जाणं वेगळं, ताई."

"असंन बाप्पा. आमच्याकडं दिवा लागला म्हंजे लाइन हाय, एवढंच समजते."

तपासणी दुसरी. किल्लीने उघडणे.

ही झाली नाही. मंदारने किल्ली काढताच भीमराज बंडीवरून उतरला.

"भोंगा वाजन म्हन्ले ना तुमी?"

"वाजेल."

"अन् हे बैल? तेहतीस जोड्या जुंपेल हायेत. बुजले तं कापूस पार दिग्रसच्या रस्त्यानं भेटन."

मंदारने किल्ली खिशात ठेवली. मागून कुणीतरी विचारलं, गाडी ढकलता नाही का येत? नाही. सुरक्षेसाठी मंदारने ती गिअरमध्ये ठेवली होती आणि हँडब्रेकही ओढला होता.

तपासणी तिसरी. सेल.

रामरावांच्या जाकिटाला लावलेली सेफ्टी पिन घेऊन मंदारने भीमराजच्या बंडीला टेकूनच रिमोटचं पोट उघडलं. आतला सेल, चार आण्याच्या नाण्याएवढा चकचकीत, टुणकन उडाला. सगळ्यांनी तो हवेत पाहिला. मग तो भीमराजच्या बारा क्विंटल कापसात गेला.

त्याच क्षणी फाटक उघडलं. "पहिला नंबर, चला."

भीमराज हलला नाही.

"जिनात, सरकी काढाच्या मशिनीत, लोखंड गेलं की ठिनगी उडते, साहेब," तो शांतपणे मंदारला म्हणाला. "ठिनगी उडली की कापसाची गंजी पेटते. अन् मंग कोनाचा कापूस होता ते पाहतेत. ते टिकली भेटल्याबिगर मी आत जात नाई."

मंदार कोपरापर्यंत हात घालून कापूस चाळू लागला. विहिरीत पडलेली बादली गळानं शोधावी तसा.

"सरका," सुखीबाई म्हणाली. ती बंडीवर चढली, जिथं सेल गेला तिथं तिची बोटं कबुतरानं दाणे टिपावेत तशी फिरली आणि काही मिनिटांत ती सेल घेऊन उतरली. "कापसातली पत्ती येचता येचता जलम गेला. हे तं चमकून राह्यलं होतं."

भीमराज आत गेला. मंदारने सेल पुसून बसवला. लाल दिवा लागला. गाडी ढिम्म.

"दुसरा नंबर," चौकीदार ओरडला. "कागद दाखवा."

रामरावांनी काचेतून आत पाहिलं. पुढच्या सीटवर, प्लास्टिकच्या पिशवीत, अगदी कोरडे, सातबारा आणि पासबुक.

"जवाईबापू," ते हळूच म्हणाले, "तुमाले घाई करत नाई मी. पन तीन दिस झाले."

एवढ्यावर ते थांबले. दुसऱ्या कुणाला त्यांनी काय काय ऐकवलं असतं ते त्यांच्या मिशीवर दिसत होतं. 

तपासणी चौथी. रामरावांची.

"बैल सोडा रे," ते रांगेला म्हणाले. "लांब घेऊन जा. वाजू दे काय वाजते ते."

ह्याला विरोध झाला नाही, कारण गाडी हलल्याशिवाय कुणाचीच बंडी हलणार नव्हती. बत्तीस जोड्या सुटल्या आणि नाल्यापलीकडे नेल्या. माणसांनी कानात कापूस घातला. तो भरपूर होता. मंदारने सुतळी बॉम्ब पेटवावा तसा हात लांब करून, मान वळवून किल्ली फिरवली.

टक.

दार उघडलं. लांब कुठंतरी टिटवी ओरडली. बाकी काही नाही.

"वाजला काय?" कानातला कापूस काढून रामरावांनी विचारलं.

मंदार आत वाकला. समोरच्या दिव्यांचं बटण चालू होतं. सकाळी धुक्यात लावलेले दिवे. सातपासून.

"बॅटरी उतरली, बाबा. गाडीची."

"म्हंजे रिमोट चांगला होता?"

"हो."

"दिवे लागेलच होते सकाळपासून," केंद्रात बंडी रिकामी करून मागच्या फाटकाने परत आलेली सुखीबाई म्हणाली. "आमाले वाटलं, जवाईबापूनं धुक्यात रांगेले उजीड केला. चांगला मानूस हाय म्हनून बोललो नाई."

कागद रामरावांच्या हातात आले. आता फक्त बैल हवे होते. पण नाल्यापलीकडे हंसाबाईंचा हरभरा होता, कोवळा, आणि तीन दिवस कोरडा कडबा खाल्लेल्या चौसष्ट बैलांना तो भेटला होता. हंसाबाई काठी घेऊन आल्या आणि एकेकाला कोंडवाड्यात घालते म्हणाल्या. त्यांची समजूत काढायला, बैल ओळखून वेगळे करायला आणि परत आणायला दुपार झाली.

तोवर मंदारने हँडब्रेक सोडला होता आणि दहा जणांनी गाडी ढकलली होती. बाजूला चिखल, मागे बंड्या. ती जाऊ शकत होती एकाच दिशेला. बरोबर फाटकापाशी तिचं नाक टेकलं आणि चौकीदाराने फाटक लावलं.

"दोन वाजले. आजची खरेदी बंद. उद्या दहाले."

धक्का मारून गाडी सुरू करायला पुढं जागा नव्हती.  रामरावांनी कागद बंडीच्या खोळीत खोचले, डबा उघडला आणि अर्धी भाकर जावयापुढे केली.

चारच्या सुमारास मंदारच्या बायकोचा, वैष्णवीचा फोन आला.

"बाबांचा नंबर लागला?"

"उद्या. दुसरा आहे."

"आजही दुसराच होता ना. मग तुम्ही तरी या घरी. गाडी कुठाय?"

"रांगेत."



"कितवी?"

मंदारने एकदा फाटकाकडे पाहिलं.

"पहिली," तो म्हणाला.